तातू घाडीचं गाऱ्हाणं

"घाल गो बेडी, घालूची तर. पण लवकर घाल. माझी पेज निवता."

असं म्हणून तातू घाडीने दोन्ही हात माझ्यापुढे धरले, आणि मी कपाळाला हात लावला. माझ्याकडे बेडी होतीच कुठे? नोकरीला लागून नऊ महिने झालेली शिपाई मी. कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी आणि हातात एक काठी, तीसुद्धा ठाण्याची. फौजदारसाहेबांनी सांगितलं होतं, "म्हातारा राईत शिरलाय, त्याला बाहेर काढून जीपमध्ये बसवा." एवढं सोपं काम, आणि हा बाबा झाडाखाली मांडी घालून पेज पीत बसलेला.

"बेडी नाही माझ्याकडे," मी म्हटलं. "उठा आणि चला."

"मगे पेज पिवान झाल्यार चलतंय. तू पितलंस?"

"मी ड्युटीवर आहे!"

"भूक ड्युटीर नसता," तो म्हणाला, आणि करवंटीत थोडी पेज ओतून माझ्यापुढे सरकवली. शप्पथ सांगते, पहाटे चारला उठून निघालेली मी, पोटात कावळे ओरडत होते. इकडे तिकडे बघितलं आणि प्याले. आयुष्यातली माझी पहिली अटक अशी झाली.

सत्त्याण्णव सालचा मार्च. शिमगा आटोपून आठवडा झाला होता. पोखरशेतच्या राईतून चिऱ्याच्या खाणीकडे रस्ता न्यायचा ठरला होता. राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही, मग झाड तोडणं दूरच. पण रस्ता आला की खाण आली, खाण आली की पोरांना काम, असं म्हणून अर्धा गाव रस्त्याच्या बाजूने होता आणि अर्धा राईच्या. दोन्ही बाजू एकदा एकमेकांच्या अंगावर धावून गेल्या, एकाचं डोकं फुटलं, आणि वरून हुकूम निघाला: राईच्या हद्दीत कोणीही पाऊल टाकायचं नाही. बेचाळीस झाडांवर लाल रंगाचे आकडे पडले. माझ्या त्या पहिल्या अटकेपासून तिसऱ्या दिवशी तोड होती, आणि तोवर राई राखायचं काम आमच्यावर.

हुकूम निघाल्यावर सगळे घरी बसले. एकटा तातू घाडी सोडून. पासष्टीचा माणूस, काटकुळा, अंगात बंडी आणि कमरेला पंचा. तो रोज सकाळी सगळ्यांच्या देखत सरळ रस्त्याने यायचा, हद्दीच्या दगडाला हात लावून कपाळाला लावायचा आणि आत जाऊन बसायचा. घोषणा नाही, शिवी नाही, झाडाला मिठी नाही. नुसता बसायचा.

ठाण्यात नेल्यावर फौजदार देवकाते साहेबांनी त्याच्यापुढे हमीपत्र ठेवलं. साहेब सोलापूरकडचे, कोकणात येऊन त्यांना सहा महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त इथल्या घामाने आणि इथल्या माणसांनी वैतागलेला. म्हणाले, "बाबा, सही करा आणि घरी जा. यापुढं राईत शिरणार नाही, एवढंच लिहिलंय."

तातूने दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि सगळा कागद नीट वाचला. "अक्षर बरा असा," तो म्हणाला. "पण सही करूक येवची नाय."

"का?"

"उद्या मी परत येतलंय."

आमचे हवालदार नार्वेकर काका तिथेच उभे होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, जन्म ठाण्यात गेलेला. ते न राहवून म्हणाले, "अरे तातू, सही कर मेल्या, आणि मग उद्या येवचा तर ये. कोण बघता?"

"मगे माझी सही खोटी होतली."

"सगळेच करतत रे अशी सही!"

"म्हणान तर सरकाराक एवढे कागद लागतत," तातू म्हणाला, आणि चष्मा काढून बंडीत ठेवला.

मी तोंड फिरवून हसले. देवकाते साहेब मात्र हसले नाहीत. कायद्याप्रमाणे त्यांनी त्याला कोठडीत टाकायला हवं होतं. पण त्यांनी दिवसभर बाकावर बसवलं, दोनदा चहा दिला, आणि संध्याकाळी म्हणाले, "जा बाबा, जीप सोडते तुम्हाला."

"चलान जातंय," तातू म्हणाला. "वाटेत सुरंगी फुलली हा." आणि सोळा किलोमीटर चालत गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डोकं चालवलं. म्हातारा राईत पोचायच्या आधीच घरी अडवायचा, म्हणजे हुकूम मोडला जाणार नाही आणि अटकही करावी लागणार नाही. या कामगिरीवर कोण? अर्थात कुबल. हेमलता कुबल म्हणजे मी. बाईमाणूस गेलं की म्हातारा ऐकेल, असा साहेबांचा हिशोब. मी फटफटीत उजाडायच्या आत त्याच्या घरी हजर.

घर म्हणजे राईच्या अंगाला एकच खोली, मातीची. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आत एक चूल, दोन मडकी, एक घोंगडी, दोरीवर एक पंचा, कोपऱ्यात कोयता. बस्स. वीज नव्हती, खुर्ची नव्हती, भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नव्हतं. मला वाटलं, अरेरे, केवढं हे दारिद्र्य. आणि माझ्या तोंडाला कुलूप कधी असतंय? बोलून बसले, "काका, तुम्हाला कोणी नाही का बघणारं? मुलगा वगैरे?"

"झील मुंबयत असा. पैसे धाडता. मी परत धाडतंय."

"परत? का?"

"ठेवतलंय खय?" त्याने खोलीभर हात फिरवला आणि हसला. पुढचे दोन दात नव्हते. "मी पण थयच होतंय गो. बावीस वर्सां. गोदीत फिटर. दोन खोलये, पंखो, रेडियो, सगळा होता. एका दिसान लक्षात इला, मी ज्येच्यासाठी धावतंय ता माका नकोच हा. ह्या कळाक बावीस वर्सां गेली. मी तसो मठ्ठच."

"आणि बायको?"

"ती माझ्या आदी शाणी झाली. ती पयलीच हय इली, शेत करूक. मी मागसून इलंय. सात वर्सां झाली तिका जावन." तो उठला. "चल. तुका एक गजाल दाखवतंय."

"कुठे? काका, मी तुम्हाला अडवायला आलेय!"

"मगे माझ्या वांगडा चलान अडव," तो म्हणाला आणि निघालासुद्धा.

आता मी काय करणार होते? पासष्ट वर्षांच्या माणसाला ढकलायचं? मी त्याच्या मागे चालत राहिले, "थांबा", "परत फिरा", "मी साहेबांना सांगेन" असं बडबडत, आणि हद्दीच्या दगडापलीकडे आम्ही दोघंही गेलो. हुकूम मी पण मोडला, वर्दीत. हे माझ्या लक्षात आलं तोवर आम्ही बेहड्याच्या झाडाखाली उभे होतो. पाच माणसांनी हात धरले तर कवेत येईल एवढा बुंधा. त्यावर लाल रंगात सतरा.

"वर बघ. ढोलीत."

ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं, मधे नुसती फट. इतक्यात पंखांचा मोठा आवाज झाला आणि एक धनेश येऊन बुंध्याला बिलगला. त्याने चोचीतलं फळ त्या फटीत सरकवलं. आतून एक चोच आली, फळ घेतलं, आत गेली. मी आ वासून बघत राहिले.

"मादी आत असा," तातू हळूच म्हणाला. "आपणच आत बसता आणि दार लिंपून घेता. पोरा मोठी होयसर तीन म्हयने भायर येवची नाय. ही पण कोठडीच. फक्त कडी आतसून."

"आणि झाड पाडलं तर?"

त्याने बुंध्याला हात लावला आणि माघारी वळला. मला स्वतःचाच राग आला. हे विचारायचं होतं का?

परतताना मी विचारलं, "काका, तुम्ही एकटे बसून काय होणार आहे? बेचाळीस झाडं. उद्या मशीन येणार, चार पोलीस तुम्हाला उचलून बाजूला ठेवणार, झालं. तुम्ही उगाच हाल करून घेताय."

"होवचा ता होयत. माका जा बरोबर वाटता ता मी करतंय. नाय केलंय तर रातीक झोप येवची नाय. तुका येता झोप?"

"मला झोपायला वेळ कुठे असतो?" मी फटकारलं. पण तो प्रश्न मला चावला. कारण मला झोप यायची, आणि चांगली गाढ यायची, ती कशामुळे ते मला ठाऊक होतं. माझी आई पंधरा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडत होती. काजूच्या तेलाने तिची बोटं भाजून काळी पडली होती, बोटांच्या टोकांची कातडी जाऊन नवी येई आणि तीही जळे. भात कालवताना ती डाव्या हाताने कालवायची, कारण मिठाने उजवा झोंबायचा. मला पोलिसात घेतल्यावर पहिल्या पगाराला मी तिला कारखान्यातून काढलं. माझी नोकरी अजून कच्ची होती, दोन वर्षं निर्वेध गेली तरच पक्की होणार. त्या नोकरीवर आईचे हात टिकून होते. ते हात नुकते कुठे माणसाच्या हातासारखे दिसायला लागले होते. मी तातूला हे सगळं सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

तो ऐकून घेत चालला. मग म्हणाला, "नोकरी सांभाळ. आवशीचे हात मोठे." आणि पुढे झाला.

तिसरा दिवस. तोडीचा. गावकऱ्यांना मुख्य रस्त्यावरच अडवलं होतं, तिथून राईतला आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता. राईत आम्ही एवढेच: देवकाते साहेब, नार्वेकर काका, आणखी तीन शिपाई, मी, आणि शेजारच्या गावचे पाच तोडणारे, त्यांच्याकडे मशीनची करवत. आणि अर्थातच तातू. सतरा नंबरच्या बेहड्याला पाठ लावून बसलेला.

साहेब त्याच्यापुढे उकिडवे बसले. खरंच, फौजदार म्हाताऱ्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, आज मला तुम्हाला उचलावं लागेल बघा. माझ्या हातानं ते करायला लावू नका. आपल्या पायानं उठा."

तातूने मान डोलावली. "उठतंय. तुमका त्रास देवचंय नाय. पण आदी माका गाऱ्हाणा घालूक देवा. मगे मी आपसून जीपीत बसतलंय."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "देवाचं काय असंल ते घाला की. दोन मिनिटांत उरका."

मी नार्वेकर काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. साहेबांना काय ठाऊक? सोलापूरच्या माणसाला वाटलं, म्हातारा हात जोडेल, पुटपुटेल, उठेल. गाऱ्हाणं म्हणजे तसलं नाही हो. आमच्याकडे देवासमोर एक जण मोठ्याने मागणं मागतो. तो एकेका मागण्यावर थांबतो, आणि भोवती जे उभे असतात त्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणून हो भरायचं असतं. हो भरला तर मागणं देवाकडे गेलं. नाही भरला तर ते तिथेच पडलं. आणि एकदा हो भरलेलं गाऱ्हाणं म्हणजे देवाच्या दारी लागलेला खटला. त्याचा निकाल लागेपर्यंत पंचक्रोशीतलं कोणी त्याच्या आड जायचं नाही. तातू तर घाडी, पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे बोलणाऱ्या घराण्यातला. त्याच्या बापाने घातलेली गाऱ्हाणी म्हातारे अजून सांगत.

तातू उठला. पंचा झटकला. आमच्याकडे पाठ करून झाडाकडे तोंड केलं आणि हात जोडले. इतके दिवस मऊ बोलणाऱ्या त्या माणसाच्या छातीतून असा आवाज निघाला की माझ्या अंगावर काटा आला.

"हे बा देवा, राईच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या सावलेक येवन उभी रवली हत..."

तो थांबला, आणि दहा पुरुषांतल्या नऊ जणांच्या तोंडून एकदम गेलं, "व्हय म्हाराजा!"

काका, तिन्ही शिपाई, पाचही तोडणारे. साहेब दचकून मागे वळले. "ए! कोण ओरडलं?"

काकांनी जीभ चावली. पण तातू पुढे निघाला होता.

"कोण खाकी घालून इलो, कोण करवत घेवन इलो. हौसेन कोणच येवक नाय. सगळी पोटासाठी इली..."

"व्हय म्हाराजा!" परत! बिचाऱ्यांचा इलाज नव्हता. आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलेलं. तो सूर लागला, तो थांबला, की छाती आपोआप भरून येते.

"तेंच्या चेडवांझिलांक सुखी ठेव. तेंच्या ताटातला अन्न तुटू देव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"नार्वेकर!" साहेब ओरडले. "काय चाललंय? तुम्ही बंदोबस्ताला आहात की भजनाला?"

काकांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. शिपाई ताठ झाले. तोडणारे जमिनीकडे बघायला लागले. आता सगळे शुद्धीवर आले होते, आणि तातूने आवाज आणखी चढवला.

"ही राई कोणी लावली नाय, कोणी शिंपूक नाय. जी आमी लावली नाय, ती तोडूचो हक्क आमका नाय. ह्या राईच्या अंगाक करवत लागता नये, रे म्हाराजा...!"

आणि तो थांबला.

कोणी हो भरला नाही. तातूने मागे वळून बघितलं नाही, कोणाला विनवलं नाही. नुसता हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. मला त्याची पाठ दिसत होती, बंडीच्या आत मणके मोजता येतील अशी. वर ढोलीत काहीतरी हललं. साहेबांनी घड्याळ बघितलं. तोडणाऱ्यांच्या मुकादमाच्या कपाळावरून घाम टपकत होता, पण त्याचं तोंड मिटलेलं होतं. त्याचंही बरोबरच होतं. त्यालाही घर होतं.

आता गाऱ्हाणं तिथेच पडणार, हे सगळ्यांना कळलं. तातूलाही कळलं असणार. तरी तो थांबला होता. मला त्याचा इतका राग आला! वाटलं, उठ ना मेल्या, जा ना जीपमध्ये, कशाला आमचा असा अंत बघतोस? डोळ्यांपुढे आईची बोटं आली. तो स्वतःच म्हणाला होता ना, नोकरी सांभाळ? मग मी सांभाळतेय. माझं काही चुकत नाही. असं मी मनाला पाच वेळा बजावलं, आणि सहाव्या वेळी बजावायच्या आत माझं तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा!"

माझा आवाज तसा बारीक नाही, पण त्या शांततेत तो मलाच परका वाटला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, तातू सोडून. त्याने वाकून कपाळ जमिनीला टेकवलं, उठला, आणि साहेबांपुढे येऊन उभा राहिला. "चला. झाला माझा." शब्द दिल्याप्रमाणे आपल्या पायाने जाऊन जीपमध्ये बसला.

साहेबांनी मुकादमाला खूण केली, चालू करा. मुकादमाने करवत उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि हळूच खाली ठेवली. "सायब," तो म्हणाला, "हो भरलो. आता आमच्यान होवचा नाय." आणि पाचही जण करवत तिथेच टाकून चालू लागले.

राईचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. तोडीच्या ठेकेदाराला त्या मोसमात पंचक्रोशीत माणूस मिळाला नाही. बाहेरून माणसं आणीपर्यंत पाऊस लागला, तोवर गावाने कोर्टात अर्ज केले, आणि शेवटी रस्ता कातळावरून वळसा घालून गेला. कडेची नऊ झाडं गेलीच. तेहतीस उरली, बेहडा त्यांत होता. पोरांना खाणीत काम मिळालं, तेही खरं. तातू आणखी सहा वर्षं त्याच खोलीत राहिला. देवाने केलं की कोर्टाने, की माणसांच्या भीतीने, यावर पोखरशेतात आजही भांडणं होतात. मी त्यात पडत नाही.

आता माझं.

त्याच दिवशी चार वाजता जिल्ह्याहून फोन आला. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी घोषणा दिल्याची ठेकेदाराची तक्रार होती, सगळ्यांचे लेखी जबाब तासाभरात हवे होते. देवकाते साहेबांनी आम्हा पाच जणांना कागद वाटले. सकाळी भडकलेला माणूस तो, पण आता शांत होता. आम्हाला वाचवायचं त्याने ठरवलं होतं, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं.

"हे बघा, मी चौकशी केली. तुमच्याकडं ही लहानपणापासूनची सवय आहे म्हणं. मग तसंच लिहा. सवयीनं, अनवधानानं तोंडातून गेलं. एवढं लिहिलं की मी वर सांभाळून घेतो. कोणाला काही होणार नाही."

तातूला कोठडीतून आणून साहेबांनी विचारलं होतं, शेवटचा हो कोणी भरला? अहो, सगळ्यांना ठाऊक होतं, तिथे बाई मी एकटीच होते. पण कागदावर साक्षीदार हवा. तातू म्हणाला, "आवाज माका वळाकला. पण नाव मी सांगूचंय नाय. तुमी काय ती शिक्षा माका करा." आणि परत कोठडीत जाऊन बसला.

काकांनी दोन ओळींत जबाब लिहिला. तिन्ही शिपायांनी त्यावरून उतरवून घेतला. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यांच्या तोंडून सवयीनेच गेलं होतं. मी पेन धरून बसून राहिले.

काका माझ्या कानाशी लागले. "हेमा, वेडेपणा करू नको. 'चुकून'. तीन अक्षरां. तीन अक्षरांनी कोणाचा वाईट होणा नाय. आवशीचो विचार कर."

मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हते. शेवटी लिहायला लागले. एक पान झालं. साहेबांपुढे ठेवलं. ते वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांनी बाकीच्यांना हाताने बाहेर जायची खूण केली.

"कुबल, हे काय? 'सवयीने नाही' असं का लिहिलंय?"

"कारण मला सवय नाही, साहेब."

"म्हणजे?"

"आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका हो भरत नाहीत. पुरुष भरतात. बायका मागे उभ्या राहून नुसते हात जोडतात. माझ्या आजीने कधी भरला नाही, आईने नाही, मी नाही. आज जन्मात पहिल्यांदा बोलले. मग सवय कुठली?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. पंखा फिरत होता, तरी त्यांनी रुमालाने मान पुसली.

"वर बसलेल्यांना हे काय ठाऊक? त्यांच्या लेखी सगळे कोकणी सारखेच. कोण तपासायला येतंय?"

"कोणी नाही येणार," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. "बरं. तेही राहू द्या. भावनेच्या भरात झालं, नवीन मुलगी आहे, असं मी माझ्या अभिप्रायात लिहितो. पण ही शेवटची ओळ. 'तशी वेळ आली तर मी पुन्हा हो भरीन.' ही खोडा. हात जोडतो तुम्हाला. ही एवढी एक ओळ खोडा, तुमची नोकरी मी राखतो. नाही खोडली तर मला काही करता येणार नाही."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचं पेनही त्यावर ठेवलं.

मी पेन उचललं. खोटं कशाला सांगू, टोक त्या ओळीच्या पहिल्या शब्दावर टेकवलं होतं. आई त्या वेळी घरी वाट बघत असेल, उजव्या हाताने भाकरी थापत असेल. मला रडू आलं आणि मी रडले, साहेबांच्या समोर, नाक पुसत, अगदी घळाघळा. साहेबांनी गडबड केली नाही.

मग मी पेनाला टोपण लावलं आणि कागद तसाच परत केला.

त्यांनी तो घडी घालून पाकिटात ठेवला. "टोपी आणि पट्टा इथंच ठेवून जा, कुबल," ते हळू आवाजात म्हणाले.

मी पट्टा सोडला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि वळले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून बघितलं. देवकाते साहेब उभे राहिले होते, ताठ. मी ठाण्याच्या पायऱ्या उतरून जाईपर्यंत ते खाली बसले नाहीत.